वरणाची पेटी

जळण वाचवायचे जेवढे म्हणून उपाय आहेत, ते सगळे मी करून बसले आहे. डाळ आदल्या दिवशीच भिजत घालायची. पातेल्यावर झाकणाऐवजी पाण्याचा तांब्या ठेवायचा, म्हणजे डाळीच्या वाफेवर पाणीही तापतं. लाकूड अंगठ्याएवढं बारीक चिरायचं. चुलीवर एक भांडं चढवलं की शेजारच्या वैलावर दुसरं चढवायचंच, वैल कधी रिकामा ठेवायचा नाही. अंघोळीच्या पाण्याची घागर सकाळीच उन्हात नेऊन ठेवायची. निजताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी काडी ओढायला नको. आता कुणी मला हे नव्यानं शिकवायला आलं की जांभई येते. आम्ही लाकूड वाचवलं, रॉकेल वाचवलं, काडेपेटीतली काडीसुद्धा वाचवली. बाईमाणसाचा जीव तेवढा कुणी वाचवत नसे. तो घरचाच होता, फुकटचा.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. संस्थानं विलीन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. ते देवासच्या दरबारात फरासखान्यात कारकून होते. तंबू, कनाती, गालिचे, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या नोकरीबरोबर दर महिन्याला सरकारी जंगलातून लाकडाची गाडी दाराशी यायची. दरबार गेला, फरासखाना गेला, आणि गाडीही गेली. मामंजींना चिमूटभर पेन्शन उरली. दरबाराचं दुःख ते करत, गाडीचं मी करी. चुलीपुढं मी बसत होते ना!

घरात माणसं तीनच. मामंजी, सासूबाई आणि मी. आमचे हे मनावर नावाच्या गावी कचेरीत नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे, तेही धुळीनं माखून. सासूबाईंना दमा. धुराजवळ बसायचं नाही, असं वैद्यांनी बजावलं होतं. बाहेरची माणसं म्हणत, सासू चुलीपाशी फिरकत नाही, सून नशीबवान. कसलं नशीब! चूल पूर्ण माझ्या गळ्यात, आणि सोवळं पूर्ण त्यांच्या हातात. दुपारी बाराला देवाला नैवेद्य, नैवेद्याशिवाय दोघांच्या तोंडात घास नाही, आणि नैवेद्य गरम हवा. गार नैवेद्य चालतो फक्त शीतला सप्तमीला. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, कालचं गार खायचं. सबंध वर्षात तेवढी ती एक देवी मला समजूतदार वाटायची.

आणि मी नोकरी करत होते. मुलींच्या शाळेत, साडेदहाची घंटा, नेमणूक कच्ची. हे तिकडे मनावरला, म्हणजे दोन ठिकाणी दोन चुली. पैसे हवे होतेच. पण खरं सांगू का? पैसे नसते मिळाले तरी मी गेले असते. शाळेत पाच तास मला कुणी फुंकणी हातात देत नसे. पोरींना पाढे म्हणायला लावायचे आणि खिडकीशी उभं राहून टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्या बघायच्या. माझ्या दिवसातले तेवढेच तास माझे होते, आणि तेच जायची वेळ आली होती.

कारण हिशेब जुळत नव्हता. देवासचं पाणी जड, तुरीची डाळ दीड दीड तास बोटचेपी होत नसे. लाकूडवाल्याला विचारावं, भिया, सुकं आहे का? तर तो म्हणायचा, "एकदम सूखी है बाई, बजा के देख लो." घरी आणून पेटवलं की टोकातून पाणी फसफसायचं. डाळ, मग भात, मग पोळ्या, मग भाजी. दहाला उतरवलं तर बाराला गार. पुन्हा तापवायचं तर चूल पुन्हा पेटवायला हवी, आणि ती पेटवणार कोण? सासूबाईंना धूर वर्ज्य, आणि मामंजी चुलीपाशी? छे! त्या काळी पुरुषानं चुलीत लाकूड सारलं असतं तर आळी गोळा झाली असती. म्हणून मी स्वयंपाक होता होईल तेवढा उशिरा करी, पातेली निखाऱ्यांवर ठेवी, आणि धावत सुटे. घंटा होऊन गेलेली असे.

आमच्या मोठ्या बाई इंदूरच्या होत्या, हिंदी बोलायच्या. घड्याळाकडं नुसतं बोट करायच्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

श्रावणात मला धारच्या काकूची आठवण झाली. माझी ही काकू विधवा. एकटीसाठी कोण दोन वेळा चूल पेटवणार, म्हणून तिनं एक टोपली केली होती. टोपलीत गव्हाचा भुसा दाबून भरायचा, मधे खळगा करायचा. डाळीला चांगली खळखळून उकळी आली की पातेलं त्या खळग्यात ठेवायचं, वरून गोधडी घट्ट दाबायची आणि देवळात जायचं. आली की डाळ शिजलेली, वर हात भाजेल एवढी गरम. "आच काही पळून जात नाही गं," ती म्हणायची, "आपण तिला दार उघडून देतो." आम्ही पोरी तिला हसायचो. म्हणायचो, काकू डाळीला झोपवते.

माळ्यावर मामंजींची एक जाड लाकडी पेटी होती, फरासखान्यातली, तंबूच्या खुंट्या ठेवायची. ती मागून घेतली. भुसा भरला, माझ्या माहेरची जुनी गोधडी आत लावली. नऊच्या सुमाराला डाळ उकळली, भाताला दोन कढ आणले, दोन्ही पातेली पेटीत घातली, वरून गोधडी दाबली, पोळ्या केल्या आणि निघाले. शाळेत पोचले तेव्हा शिपाई अजून घंटेचा दांडा शोधत होता. बाई गं, काय सांगू! मी वर्गात बसून चक्क घाम वाळवला.

घरी आले तो दोघं उपाशी. मामंजी ओसरीवर बसलेले. वरण-भात गाईच्या पुढ्यात.

"गोधडीतलं वरण देवाला?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, माणसं निजतात तिच्यात! सुती ओवळं ते. शिवलं की संपलं."

"धुऊन घेतली होती हो."

"धुतलेलं सुतीसुद्धा कुणी शिवलं की गेलं. तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

आईवर गेलं की माझं डोकं फिरायचं. पण उलट बोलायची रीत नव्हती. मी पातेली घासायला घेतली आणि जरुरीपेक्षा जास्त आवाज केला.

पुन्हा निखारे सुरू. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दोनदा भात खाली लागला. तिसऱ्यांदा निखारे विझले. नैवेद्याची वेळ टळते म्हणून सासूबाई स्वतः फुंकणी घेऊन बसल्या, आणि मी शाळेतून आले तेव्हा त्या भिंतीला टेकून, मान वर करून हवा शोधत होत्या. ओठ निळे पडलेले. मामंजी पंख्यानं वारा घालत होते. मला पाहून त्यांनी वारा घालणं थांबवून पंखा माझ्या हातात दिला.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. "बहनजी, अब एक बार भी देर हुई, तो मैं कुछ नहीं कर सकूँगी. ऊपर नाम भेजना पड़ेगा." त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांखालीही काळं होतं, त्यांच्याही घरी चूल असणारच. घरोघरी मातीच्या चुली.

त्या संध्याकाळी कणीक मळता मळता मी सासूबाईंना सांगून टाकलं, "मी उद्या राजीनामा देते. नाही झेपत मला." रडू वगैरे आलं नाही. रडायलाही अंगात काही उरावं लागतं. नुसती परातीकडं बघत राहिले.

त्यांचा श्वास घरघरत होता. मग एकदम तडकल्या. "राजीनामा देऊन काय करशील? माझ्यासारखी इथं बसशील? चाळीस वर्षं बसले मी या धुरात. काय मिळालं, दिसतंय ना? ऐकू येतंय ना?" आणि खोकत खोकत आत गेल्या.

मला त्यांचा राग आला. नोकरी सोडू नको म्हणतात, आणि गोधडीही चालत नाही. आता करू तरी काय, कपाळ!

राजीनामा मी लिहिला, पण दिला नाही. दुसऱ्या दिवशी देवदयेनं वेळेवर पोचले, पोळ्या न करताच. तिसरे प्रहरी घरी आले तर माजघरात सासूबाई मांडीवर लाल कापड पसरून बसलेल्या. मी जवळ जाऊन पाहिलं.

तो मामंजींचा दरबारी डगला होता. लाल बनातीचा, गुडघ्यापर्यंत लांब, सोनेरी गुंड्यांचा. दसऱ्याच्या दरबारात घालायचा. दरबार बुडाल्यापासून तो ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात निजलेला असे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मामंजी तो उन्हात घालत, ब्रशनं झटकत, बाहीतून एकदा हात घालून बघत, आणि परत ठेवत. बोलावणं येत नसे. बोलावणं आलं नाही असं तेही म्हणत नसत. आम्हीही विचारत नसू.

तोच डगला सासूबाईंनी उसवून ठेवला होता. पाठ निराळी, बाह्या निराळ्या.

"लोकरीला विटाळ नाही," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "धाबळी नेसून मी सोवळ्याचं करते, ती लोकरच. बनातही लोकरच. आत बनात लाव, वर बनात टाक. देवाला चालेल."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"सुचलं होतं मागंच," त्या म्हणाल्या. "गोधडी काढायला लावली त्याच दिवशी."

एवढंच. सुई ओवत राहिल्या. त्यांना इतके दिवस काय अडलं होतं, ते सांगायला नको होतं. ते ट्रंकेत होतं. मी नीट पाहिलं तर त्यांनी कात्री कुठंच लावली नव्हती. एकेक टाका उसवला होता, आणि आता पेटीसाठी धावदोरा घालत होत्या, लांब लांब, ओढला तर निघेल असा. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

संध्याकाळी मामंजी टेकडीखालून फेरी मारून आले. मी दाराआड उभी. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला, कापड चिमटीत धरलं. बराच वेळ धरलं.

"गुंड्या?" त्यांनी विचारलं.

"सुपारीच्या डब्यात," सासूबाई म्हणाल्या.

"बरं." ते हातपाय धुवायला गेले. त्यानंतर चारपाच दिवस बेताचंच बोलले.

आणि पेटी लागली कामाला. काकूची टोपली तिच्यापुढं काहीच नव्हती. बनात अशी जाड, की नऊला ठेवलेलं वरण बाराला काढताना सासूबाईंना पदर धरावा लागे. डाळ अर्ध्या तासात चुलीवरून उतरायची, उरलेलं शिजणं पेटीतलं पेटीत. लाकडाचा ढीग पूर्वी आठवड्यात संपायचा, तो आता दुसरा आठवडाही रेटू लागला. चूल दहाच्या आत शांत, घरात धूर नाही, सासूबाईंना धाप नाही. मी घंटेच्या आधी वर्गात. मोठ्या बाई घड्याळाकडं बोट करेनाशा झाल्या. एकदा तर हसल्याही. लिहिलेला राजीनामा मी चुलीत घातला. एक काडी तेवढीच वाचली.

नवरात्र बसलं. डगला उन्हात घालायचे दिवस आले आणि गेले. मामंजी ट्रंकेपाशी गेले नाहीत.

अष्टमीला शाळेला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. मीच उघडलं. राजवाड्यावरचा म्हातारा हुजऱ्या होता. पूर्वी दसऱ्याचा निरोप घेऊन हाच येत असे, मी फक्त ऐकलं होतं. मामंजी ओसरीवर होते. हुजऱ्यानं मुजरा केला, आणि म्हणाला, "यंदा दसऱ्याला जुन्या मंडळींना बोलावणं आहे. स्वारीबरोबर शमीपूजनाला यायचं. पोशाखात यायचं, असं खास सांगितलंय."

इतकी वर्षं नाही, आणि नेमकं यंदा! मामंजींचा चेहरा क्षणभर असा झाला, की लग्न झाल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. तरुण दिसले. पायरीवरून उठून उभेसुद्धा राहिले. मग परत बसले.

"कळवा," ते म्हणाले, "प्रकृती ठीक नाही. येणं होणार नाही."

"साहेब, वाहन पाठवू म्हणालेत."

"नाही जमायचं. आभारी आहे म्हणून सांगा."

हुजऱ्या गेला. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, पण मला राहवलं नाही. "मामंजी, डगला फाडलेला नाही. टाके उसवलेत फक्त. मी आत्ता बसते. परवा सकाळपर्यंत जसाच्या तसा शिवून देते. गुंड्या आहेत, इस्त्री करते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आतून सासूबाईंची घरघर थांबली होती. त्या ऐकत होत्या.

मामंजी माझ्याकडं बघत म्हणाले, "आणि दसरा झाला की शाळा आहे ना तुझी? मग वरण कशात ठेवशील?"

"दसरा झाला की पुन्हा उसवीन."

"एकदा अंगात घातला," ते म्हणाले, "तर मी तो पुन्हा उसवू देणार नाही गं. मला माझा भरवसा नाही." आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

मी आत आले. आता खरं लिहिते, लिहायची लाज वाटते तरी. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं. पेटी राहिली. नोकरी राहिली. पाच तास राहिले. मी त्यांना पुन्हा आग्रह केला नाही. एकदा म्हटलं, तेवढंच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित ते हो म्हणाले असते, म्हणूनच म्हटलं नाही.

दसऱ्याला दुपारीच रस्त्यावर गर्दी सुरू झाली. लोक स्वारीसाठी जागा धरून बसत होते, पोरं झेंडूच्या पाकळ्या उडवत पळत होती. मामंजी रोजच्यासारखे पाटावर बसले. सासूबाईंनी पेटी उघडली. लाल बनात बाजूला केली, पातेलं काढलं, वाफ वर आली. नैवेद्य झाला. मी वाढलं. ते जेवले, सगळं जेवले. मधेच म्हणाले, "गरम आहे," आणि वाटी पुढं केली. मी आणखी वरण घातलं. तेवढ्यात लांबून चौघडा ऐकू आला. सासूबाईंनी उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, उन्हाची तिरीप येते म्हणून. ऊन त्या बाजूला नव्हतंच.

संध्याकाळी मी त्यांच्या हातात सोनं दिलं, आपट्याची दोन पानं, आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. एरवी ते "अखंड सौभाग्यवती भव" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "वेळेवर जात जा."

पुढच्या वर्षी दसऱ्याला बोलावणं आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. नेमणूक पक्की झाली. पुढं गल्लीत वीज आली, रॉकेलचा स्टोव्ह आला, खूप पुढं गॅसही आला. पेटीला कसर लागेपर्यंत मी ती वापरली. तोवर सासूबाई गेल्या, मामंजी गेले. सुपारीच्या डब्यात गुंड्या अजून आहेत.

निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत होते. अंगात ताप असे, पावसात ओढा भरलेला असे, कंबर धरलेली असे, रोज वाटे की आज उशीर होऊ दे, कुणी काही म्हणणार नाही. पण मी एकदाही उशिरा गेले नाही. कशी जाणार?